राजीखुशीने

अण्णा गेले त्या दिवशी स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर बऱ्याच बायका उभ्या होत्या. एसटीने आलेल्या, वाड्यावस्त्यांवरच्या. अण्णांच्या मुलांनाही त्या कोण हे कळेना. मी अण्णांच्या हाताखाली वकिली शिकलो, म्हणून मला त्यांतल्या काही ओळखू आल्या. तालुक्याच्या कोर्टात उभी हयात घालवलेल्या या माणसाच्या नावावर गाजलेला खटला एकही नव्हता. या बायका होत्या.

हक्कसोडपत्र कसं होतं ते आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. वडील वारले की वारसनोंद होते, सातबाऱ्यावर भावांच्या बरोबरीने बहिणींची नावं चढतात. मग भाऊ गाडी करून बहिणीला घेऊन येतात. तिला नवी साडी घेतलेली असते. वकिलाकडे मसुदा, दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठा, दोन साक्षीदार, की झालं. ‘माझा हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडत आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्यात असतंच.

अण्णा त्या वाक्यापाशी थांबायचे. म्हणायचे, “राजीखुशीने असं मी लिहायचं, तर ती राजी आहे हे मला कळायला नको?” मग भावांना सांगायचे, “तुम्ही जरा चहा घेऊन या. मला ताईंशी बोलायचंय.” भाऊ बाहेर पडले की आपली खुर्ची टेबलाच्या अलीकडे आणायचे, सातबारा तिच्यापुढे ठेवायचे आणि तिच्या नावाखाली बोट टेकवायचे. “हे तुमचं नाव. कागद झाला की ते इथं राहणार नाही. चालेल?”

कितीतरी जणी मनापासून हो म्हणायच्या. त्यांचा कागद अण्णा आनंदाने करायचे. कोणी म्हणायची, विहिरीजवळचा अर्धा एकर तेवढा राहू द्या. भावांना आत बोलावून अण्णा तसं सांगायचे, आणि बरेच भाऊ कबूल व्हायचे. ते मनाने वाईट नव्हतेच. बहिणीला विचारायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

एक बाई मात्र बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. “माझं नाव हाय इथं, हेच ठावं नव्हतं,” म्हणाली. आणि मग, “वकीलसाहेब, म्हायेर तुटंल म्हणून अंगठा देते, असं लिवता येतंय का त्यात?”

अण्णांनी पेन मिटलं. भावांची फी परत केली. भाऊ दुसऱ्या वकिलाकडे गेले आणि संध्याकाळच्या आत कागद झाला. मी चिडून विचारलं, “मग काय उपयोग झाला, अण्णा?” ते म्हणाले, “आता तिला ठाऊक आहे. घरी जाऊन लेकीला सांगेल.”

हे विचारणं त्यांनी कोर्टात येण्याच्या खूप आधी घरात अंगवळणी पाडलं असणार. घरात काही ठरायचं असलं की सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ते ऐकत राहायचे, आणि मग जो गप्प बसलेला असेल त्याच्याकडे वळायचे. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा अण्णांच्या पत्नी, म्हणजे काकू, बोलल्या, मुलं बोलली, गवंडीही बोलला. अण्णांनी माजघरात लसूण सोलत बसलेल्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, “रातीला उठावं लागतं रे. संडास जवळ असू दे.” नकाशा बदलला.

त्यांचे वडील वारले ते 1996 साली. आई आधीच गेलेली. दोन भाऊ, एक बहीण, नऊ एकर वडिलोपार्जित जमीन. 1994 च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने मुलींना समान वाटा मिळाला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. अण्णांच्या बहिणीचं लग्न त्याआधी झालेलं. म्हणजे भावांना चार-चार एकर, तिला एक. वडिलांच्या हिश्श्याचे तीन भाग करून तिच्या वाट्याला येत होता तेवढाच. अण्णांनी धाकट्या भावाला सांगून पाहिलं. तो तयार झाला नाही. मग अण्णांनी आपल्या चारांतले दोन तिला दिले. तिचे तीन झाले, अण्णांचे दोन राहिले. काकूंना आधी विचारलं होतं. गावात आपण लहान ठरलो म्हणून भाऊ दुखावला आणि पुढे कित्येक दिवाळ्यांना आला नाही. अण्णा मात्र दरवर्षी फराळाचा डबा पाठवत राहिले.

देशभरच्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा समान हक्क मिळाला तो 2005 साली. त्याबद्दलचा उरलासुरला वाद सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मिटवला.

अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर तोच धाकटा भाऊ माझ्याकडे आला. आता तोही थकलाय. हयातीतच वाटप करून टाकायचं म्हणत होता. बरोबर दोन मुलगे आणि मुलगी. मोठ्या मुलाने पिशवीतून सातबारा काढला आणि म्हणाला, “ताईचं काही म्हणणं नाही. ती हक्क सोडतेय, तसंच लिहा.” मुलगी खाली बघत होती.

मी काही बोलणार, एवढ्यात म्हातारा मुलांकडे वळला.

“तुम्ही दोघं जरा चहा घेऊन या,” तो म्हणाला. “मी पण येतो. वकीलसाहेबांना हिच्याशी बोलू दे.”