उद्या आणि इन्शाअल्लाह



नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात मिरची पिकवणारा शेतकरी रोपांचे काम कधी उद्यावर टाकतो का? लावणी हुकली तर हंगाम गेला, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु त्याच शेताच्या उश्रचा हिशेब विचारा, उत्तर येते, "हंगाम संपू द्या, मग पाहू."

पिकाचा हक्क कापणीच्या दिवशीच द्यावा, असा पवित्र कुरआनचा आदेश आहे (६:१४१). पावसावर आलेल्या पिकात दहावा हिस्सा, कष्टाने पाणी देऊन काढलेल्या पिकात विसावा. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते भाजीपालाही यातून सुटत नाही. मिरचीचे तोडे अनेक. पहिल्याचे पैसे खताच्या उधारीत जातात, दुसऱ्याचे लग्नकार्यात, आणि शेवटी किती माल निघाला हेच आठवत नाही. नियत चांगली होती, वही नव्हती. म्हणून प्रत्येक तोड्याला वजन लिहावे आणि वीस क्विंटलमागे एक क्विंटल त्याच दिवशी वेगळा काढावा.

आपण 'इन्शाअल्लाह' म्हणतो. "उद्या करीन" म्हणताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख करावा, ही कुरआनचीच शिकवण (१८:२३-२४). पण तो शब्द करणाऱ्यासाठी आहे. टाळण्यासाठी तो वापरणे मला बेअदबी वाटते.

हिजरतकडे पाहा. पैगंबर (स.) यांच्याइतका अल्लाहवर भरवसा कोणाचा? तरीही उंटिणी आधीच वाटाड्याकडे सोपविल्या होत्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी भेटण्याचे ठरले होते. मक्केतील बातम्या रात्री कोण आणील, दुधासाठी शेळ्या कोण हाकील, हेही ठरलेले होते. तवक्कुल या तयारीनंतरचा होता.

दिवसाची आखणी आपल्याला नव्याने शोधायची नाही. पाच नमाजींनी तो आधीच विभागला आहे. "सकाळी कधीतरी" ऐवजी "फजरनंतर", "सवडीने" ऐवजी "असरपूर्वी" असे ठरवून पाहा.

राहिलेले रोजे आदरणीय आयशा (रजि.) शाबानमध्ये पूर्ण करीत, त्यांना मुदत ठाऊक होती. वसीयतीची मुदत आपल्याला ठाऊक नाही. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही काढू नयेत, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले. तेव्हा उश्रच्या त्याच वहीच्या मागच्या पानावर कोणाचे देणे किती, कोणाची अमानत घरात आहे, हे आज ईशानंतर लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि वही कोठे ठेवली ते घरच्यांना सांगा.