सोबत्याकडून धर्म शिकावा काय?

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली, ही हकिकत खानदेशात घरोघर ठाऊक आहे. त्याच विनोबांची, निरनिराळ्या धर्मांतील ईश्वरनामे एकत्र गुंफलेली प्रार्थना आपल्याकडील अनेक शाळांतून म्हटली जाते. तीत ‘यह्व’ असे एक नाव येते. यहुदी लोकांच्या ईश्वराचे ते नाव होय. जळगाव-धुळ्याकडील किती मुले या शब्दापाशी क्षणभर थांबली असतील? एखाद्याने अर्थ विचारलाच, तर शिक्षक कोश पाहून तो सांगतील. परंतु वर्गात यहुदी मुलगा असता, तर तो म्हणाला असता, “आमच्या पोथीत हे नाव लिहिलेले असते, पण आम्ही ते उच्चारीत नाही. वाचताना त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असे म्हणतो.” ज्या नावाचा आपण भक्तीने उच्चार करतो, त्याच नावापाशी दुसरा भक्तीनेच मौन धरतो, हे समजण्यास कोशापेक्षा सोबती अधिक उपयोगी पडतो.

याच विचाराने अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९९२ साली आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली असे उपक्रम सुरू झाले. पंधरा ते अठरा वर्षांची यहुदी मुले-मुली दोघेतिघे मिळून, जेथे यहुदी विद्यार्थी फारसे नाहीत अशा वर्गांत जातात आणि आपल्या घरचा शनिवार, आपले सण, आपले खाणेपिणे समवयस्कांना सांगतात. विचारणाऱ्यास वडीलधाऱ्यांपुढे वाटणारा संकोच तेथे वाटत नाही.

तथापि आमच्या मनात एक शंका येते. पंधरा वर्षांच्या मुलावर हजारो वर्षांच्या परंपरेचा वकील होण्याचा भार टाकणे न्याय्य आहे काय? दूरदेशी युद्ध पेटले की त्याचा जाबही त्यालाच विचारला जातो. आणि हे केवळ यहुद्यांपुरते नाही. रावेर-यावलकडील तडवी मुलगा, सातपुड्यातून शिरपूरच्या शाळेत आलेली पावरा मुलगी, यांना “तुमच्यात असे का करतात?” हा प्रश्न नवा नसतो. प्रश्नाचे शब्द तेच असतात. पण एका तोंडून ती जिज्ञासा असते, दुसऱ्या तोंडून ती झडती असते. ज्याला प्रश्न विचारला जातो, त्याला हा फरक तत्काळ कळतो.

मग न विचारणे बरे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. कोकणातील बेने इस्रायल शतकानुशतके आपले शेजारी होते. त्यांची भाषा मराठी, आडनावे केहिमकर, राजपूरकर अशी गावावरून पडलेली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. या नावात निरीक्षण आहे, वैरही नाही. परंतु घाणा का थांबला हा प्रश्नही त्यात नाही. त्यांनी मात्र आपल्याच भाषेत आपला धर्म मांडला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. बायबलातील पुरुषांच्या कथांवर मराठीत कीर्तने झाली. कीर्तन आपले, भाषा आपली, तरी ऐकावयास आपण किती गेलो? १९४८ साली इस्रायल राष्ट्र निर्माण झाले आणि पुढील दशकांत त्यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आता विचारावे म्हटले तरी विचारण्याजोगा शेजारी क्वचितच उरला आहे. आपण त्यांचा छळ केला नाही, याचा आपणांस अभिमान वाटतो व तो रास्तही आहे. परंतु न छळणे म्हणजे ओळखणे नव्हे.

म्हणून सोबत्याकडून धर्म शिकावा, असेच आमचे मत आहे. मात्र काही मर्यादा पाळून. सांगणारा स्वेच्छेने उभा राहिलेला असावा. गुरुजींनी बोट दाखवून उभा केलेला नसावा. तो एकटा नसावा. “मला ठाऊक नाही” आणि “आमच्या घरी असे करतात, इतरांचे मी सांगू शकत नाही” असे म्हणण्याची त्याला मोकळीक असावी. कोणत्याही राष्ट्राच्या कृत्याचा जबाब त्याच्याकडून मागितला जाऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, विचारणाऱ्यानेही विचारून घेण्यास तयार असावे. तडवी मुलाने रोजाचे सांगितल्यावर त्याने उलट विचारावे, “तुमच्याकडे अक्षय्य तृतीयेला घागर का पुजतात?” आमच्यापैकी पुष्कळांच्या मुलांना उत्तर येणार नाही. ती घरी येऊन आजीला विचारतील. बहुसंख्यांच्या घरात असा प्रश्न सहसा शिरत नाही, कारण तेथे स्वतःचा आचार हा आचार न वाटता जगरहाटीच वाटतो. ज्या वर्गात एकालाच नेहमी उत्तर द्यावे लागते तेथे साक्ष चालते. जेथे सर्वांनाच उत्तर शोधावे लागते तेथे शिक्षण होते.