दोन पारव्यांचे अर्पण
(सणाच्या दिवसांतील घरखर्चाविषयी मंडळ्यांस उपदेश)

शास्त्रपाठ : लूक २:२२-२४, लेवीय १२:६-८, नहेम्या ५ व ८



प्रभू येशूच्या जन्मानंतर शुद्धीचे दिवस पुरे झाल्यावर मरिया व योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमेच्या मंदिरात गेली. त्या वेळी त्यांनी काय अर्पण केले हे लूकाने मुद्दाम नोंदून ठेविले आहे. ते अर्पण म्हणजे पक्ष्यांची एक जोडी. हा पाठ आपण दर नाताळात वाचतो आणि पुढे जातो. परंतु लेवीय पुस्तकाचा बारावा अध्याय शेजारी उघडून ठेविला म्हणजे त्यातील मर्म ध्यानी येते. बाळंतिणीने एक वर्षाचे कोकरू आणावे असा मूळचा नियम होता. जिला कोकरू आणण्याची ऐपत नसेल तिने दोन होले अथवा पारव्याची दोन पिले आणावी, अशी मोकळीक त्याच अध्यायाच्या शेवटी दिली आहे. तेव्हा जगाच्या तारणाऱ्याच्या आईने मंदिरात नेले ते गरिबाचे अर्पण होय, आणि तिने ते भर लोकांत नेले. कोकरू उसने आणून तिने आपली लाज झाकिली नाही. बेथलेहेमच्या मेंढपाळांशी तिची ओळख झालेलीच होती. मागितले असते तर त्यांनी एखादे दिले नसते असे कोण म्हणेल? देवानेही ते अर्पण कमी लेखिले नाही, कारण ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणावे हा नियम त्याचाच होता.

आता आपल्या चंद्रपूर व गडचिरोली भागाकडे पाहू. येथे दिवाळी होते, तिच्या मागोमाग गावोगाव मंडई भरते, दंडार होते, वडशाच्या मंडळ्या रात्री नाटके करितात. लेकी, जावई, सोयरे मुक्कामास येतात. पाहुणे परत जातात न जातात तोच आपला नाताळ उभा राहतो. आणि नेमके ह्याच दिवसांत घरात रोकड नसते. धान कापून झाला, मळणी झाली, आदिवासी विकास महामंडळाच्या वा अन्य खरेदी केंद्रावर तो मोजूनही दिला, तरी त्याचे पैसे खात्यावर पडावयास कित्येकदा आठवडेच्या आठवडे लागतात. सण आधी येतो, पैसा मागून येतो. मधल्या रिकाम्या जागेत सावकार येऊन बसतो, धान आधीच कमी भावाने बोलून ठेवणारा व्यापारी बसतो, आणि अलीकडे हप्त्याने वस्तू देणारा दुकानदारही बसतो. गटातील बहिणीने शेळी घेण्यासाठी उचललेले कर्ज कपड्यांत व मटणात गेल्याचीही उदाहरणे आहेत. शेळी असती तर तिने हप्ता फेडला असता. कपडा हप्ता फेडीत नाही.

एक हिशेब करून पाहा. समजा एकाने नाताळासाठी १०,००० रुपये दरमहा शेकडा पाच व्याजाने घेतले. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे हाती येईपर्यंत पाच महिने जातात आणि व्याज २,५०० रुपये होते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलमागे २,३०० रुपये होती. म्हणजे नुसत्या व्याजासाठी क्विंटलाहून अधिक धान गेला. एक क्विंटल धान भरडला तर सुमारे ६७ किलो तांदूळ निघतो. पाच माणसांच्या घरी रोज दोन किलो शिजला तर तो महिनाभर पुरतो. एका दिवसाच्या थाटापायी लेकरांच्या मुखातील महिन्याचा भात गेला, आणि मुद्दल होते तसेच उभे आहे. उन्हात डोक्यावर फडके बांधून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्या माउलीच्या बोटांनी ते फेडावयाचे आहे.

इतके ठाऊक असूनही मनुष्य कर्ज का काढितो? उधळेपणामुळे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते पुष्कळांविषयी खरे नाही. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद जुन्या रीतीतच आहेत. ते मंडईला आले व ताटात साधा भात-वरण पाहिले, तर धर्म बदलला म्हणून ह्याचा हात आखडला, ह्याचा सण म्हणजे नुसती गाणी, असे बोलतील, ही भीती पोटात असते. मग आपण कोणाहून उणे नाही हे दाखविण्यासाठी मनुष्य दहा जणांच्या जागी चाळीस जणांस जेवू घालितो, दिव्यांच्या माळा लावितो, मोठा कर्णा भाड्याने आणितो. हा मोह दारूच्या मोहाहून सूक्ष्म आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. परंतु मोठेपणावर बंदी घालील असा कायदा कोणत्याही सरकारास करिता येणार नाही.

आणि खेदाची गोष्ट ही की मंडळीही ह्यास हातभार लाविते. एका गावी नाताळाच्या उपासनेस एक कुटुंब आले नाही. मागाहून विचारिले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, लेकरांना नवे कपडे नव्हते. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे त्यांना कसे बसवू?" गव्हाणीत निजलेल्या बाळाच्या जन्मदिवशी, वस्त्र नाही म्हणून त्याच्याच घरी येण्यास लेकरे लाजतात, तर त्या लाजेचा जाब कोणी द्यावयाचा? आईने, की तिच्याकडे वळून पाहणाऱ्या डोळ्यांनी?

नहेम्याचा पाचवा अध्याय घरी सावकाश वाचा. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाच्या करासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकिली होती, आणि मुलामुलींस दास्यात देण्याची पाळी आली होती. त्या वेळी व्याज शंभरावा भाग घेत, आणि तो महिन्याचा असावा असे बहुतेक टीकाकार मानितात. शेकडा एक ऐकून नहेम्या संतापला, आणि आपण शेकडा पाच मुकाट्याने देतो! शिवाय त्या लोकांनी पोटासाठी व करासाठी कर्ज काढिले होते, जेवणावळीसाठी नव्हे. तोच नहेम्या आठव्या अध्यायात लोकांस रडणे पुरे करून गोडधोड खाण्यास सांगतो, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांस वाटा धाडण्यास सांगतो. तेव्हा पाळकाने सण बंद केला, असे कोणी घरी जाऊन सांगू नये. सण करावा, तो घरात जे आहे त्यातून करावा.

आणि घरात काहीच नाही असे नाही. नवा तांदूळ आहे, त्याची खीर होते, अनारसे होतात. अंगणात कोंबडी आहे, बोडीत मासळी आहे. प्रत्येक घराने शेरभर तांदूळ व मूठभर डाळ आणून मंडळीचे एकच जेवण केले, तर चाळीस चुली वेगळ्या पेटविण्याचे कारण नाही, आणि कोणाच्या घरचे किती हे कोणी मोजणार नाही. भाऊबंदांसही तेथेच बोलवावे. ताऱ्याविषयी एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेच्या हाती २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले, ही साऱ्या देशास ठाऊक असलेली गोष्ट आहे. आणि अशा बांबूच्या मुलखात राहून आपण शहरातून प्लास्टिकचा तारा विकत आणितो! चार कामट्या, थोडा रंगीत कागद व खळ एवढ्यावर मुले एका संध्याकाळी तारा करितात.

एका गोष्टीस मात्र कोणत्याही सणात हात लावू नये, ती म्हणजे बियाण्याचा धान. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे ह्यांचे नाव आपण ऐकले असेलच. १९८३ साली त्यांस शेतात थोड्याशा निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखून पुढे वर्षानुवर्षे पेरल्या, आणि त्यातून आज दूरदूरच्या बाजारांत विकला जाणारा एच.एम.टी. तांदूळ निघाला. २०१८ साली ते वारले. थोर शेतकरी, पण हाती जमीन फार थोडी. त्या लोंब्या त्या वर्षीच्या भातात शिजल्या असत्या तर कोणास कळलेही नसते.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस दोन कामे सांगतो. नाताळाची वर्गणी वाचून दाखविण्याची चाल बंद करा; थैली झाकून फिरवा, आणि देणाऱ्याचे नाव व रक्कम चिटणिसाच्या वहीतच राहू द्या. आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी तुम्ही व तुमच्या घरच्यांनी धुतलेले जुने कपडे घालून उपासनेस या, आणि नाताळातही तेच घाला. ह्याविषयी प्रवचन करण्याची गरज नाही, लोक पाहतात.

जे आधीच कर्जात बुडाले आहेत त्यांच्यासाठी २ राजे ४ मधील विधवेची गोष्ट आहे. तिला आधी तेल विकून देणे फेडण्यास सांगितले होते, आणि उरेल त्यावर तिने व मुलांनी निर्वाह करावयाचा होता. अशा घराने यंदा खीर शेजाऱ्याकडे खावी व येणाऱ्या पैशातून पहिला हप्ता सावकारास द्यावा. सावकाराजवळ परवाना आहे की नाही हेही विचारावे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून हा धंदा करिता येत नाही, आणि अवैध सावकाराने बळकाविलेली जमीन चौकशीअंती परत देवविण्याची तजवीज त्यात आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, ह्यांच्या कचेरीत द्यावयाची असते. अर्ज लिहिता येत नसेल त्यास उपदेशकाने लिहून द्यावा, आणि तो एकट्याने जाण्यास भीत असेल तर मंडळीतील दोन वडिलांनी त्याजबरोबर कचेरीपर्यंत जावे.