दुधाचा दात आणि कंपवाताचा उपचार

मध्यमेंदूत सब्स्टँशिया नायग्रा नावाचा एक काळसर भाग असतो. तिथल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जाणे, हा पार्किन्सनच्या आजाराचा गाभा. हाताची थरथर, स्नायूंचा ताठरपणा, मंदावलेली चाल ही लक्षणे दिसू लागतात तोवर या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. आयुर्वेदात तो कंपवात या नावाने ओळखला जातो आणि त्यावर खाजकुइलीचे बी वापरतात. त्या बियांत लेव्होडोपा असते, हे आधुनिक रसायनशास्त्रानेही दाखवले आहे. लेव्होडोपाची गोळी आजही मुख्य औषध आहे. तिने हालचाल सुधारते, पण पेशींचे मरणे थांबत नाही, आणि काही वर्षांनी गोळीचा असर दोन डोसांच्या मध्येच ओसरू लागतो.

म्हणून गेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी रुजवण्याचा विचार पुढे आला. स्वीडनमध्ये लुंड येथे १९८७ पासून गर्भाच्या मेंदूतील ऊतींचे रोपण सुरू झाले. काही रुग्णांना त्याचा चांगला फायदा झाला. अमेरिकेत ४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र निम्म्यांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडली होती आणि कोणाला खरे रोपण मिळाले हे रुग्णांपासून लपवले होते. २००१ साली निष्कर्ष आला तेव्हा रुग्णांच्या स्वतःच्या मूल्यमापनात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. रोपण झालेल्यांपैकी काहींना पुढे अनियंत्रित हालचालींचा त्रासही जडला. नुसत्या पेशी टाकून निभत नाही, त्या कोणत्या, किती आणि कुठे यावर सारे अवलंबून आहे, हा धडा तिथून मिळाला.

दाताकडे लक्ष वळले ते याच सुमारास. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००० साली अक्कलदाढेच्या गरात मूलपेशी असल्याचे दाखवले. त्या गटातील सोंगताओ शी यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दुधाचा दात पडला, तेव्हा त्यात त्यांना लालसर, जिवंत ऊतक दिसले. २००३ साली दुधाच्या दातांवरचा त्यांचा निबंध आला. पुढच्या एका दातातून जेमतेम १२ ते २० मूलपेशी मिळतात, पण त्या झपाट्याने वाढतात. दात थंड पोषकद्रवात प्रयोगशाळेत न्यायचा, गर काढून विकरांनी सुटा करायचा आणि ३७ अंशांवर प्लॅस्टिकच्या बशीत ठेवायचा. तळाला चिकटून ज्या पेशी वाढू लागतात त्यांतच मूलपेशी असतात.

या पेशींचा मेंदूशी संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. दाताचा गर भ्रूणातील न्यूरल क्रेस्ट या थरापासून बनतो आणि चेताग्रंथींतील अनेक पेशीही त्याच थरातून येतात. योग्य वाढघटक दिल्यास या पेशी चेतापेशींसारखे रूप घेतात. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात दीर्घकाळ काम केलेले डॉ. रमेश भोंडे हे या क्षेत्रातले मराठी नाव. बंगळुरूच्या संशोधकांबरोबर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, मध्यमेंदूच्या घडणीत काम करणारे संकेत दंतगराच्या पेशींना देऊन त्यांपासून डोपामिन चेतापेशी मिळवल्याचे मांडले आहे. पार्किन्सनसारखी अवस्था निर्माण केलेल्या उंदरांवर चीन आणि जपानमधील गटांनीही असे रोपण करून हालचाल सुधारल्याची नोंद केली आहे.

इथे सावधपणा हवा. डोपामिनशी संबंधित विकर पेशीत सापडणे वेगळे आणि ती पेशी मेंदूत वर्षानुवर्षे जगून योग्य ठिकाणी जोडली जाणे वेगळे. उंदरांतील सुधारणेचे श्रेय बऱ्याच अंशी रोपलेल्या पेशी स्रवत असलेल्या संरक्षक प्रथिनांचे असावे, असे मानण्यास जागा आहे. तेही मोलाचेच, पण ते हरवलेल्या पेशीची जागा भरणे नव्हे. माणसांत आजवर मिळालेला ठोस पुरावा वेगळ्या स्रोताचा आहे. क्योतो विद्यापीठाने निरोगी दात्याच्या पेशींपासून घडवलेल्या चेतापेशी सात रुग्णांच्या मेंदूत रोपल्या. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि तपासलेल्या सहांपैकी चौघांची हालचाल औषध उतरलेल्या वेळीही सुधारली होती. रुग्णाचा स्वतःचा साठवलेला दात त्यासाठी लागला नाही.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागेसारख्या वस्तीत दात साठवण्याचा हा मुद्दा घरोघरी लागू पडतो. एका बाजूला सांगली, दुसऱ्या बाजूला १८९४ साली वानलेस रुग्णालय जिथे सुरू झाले ती मिरज. दवाखाने हाकेच्या अंतरावर, आणि एकाच घरात दात पडणारा नातू व हात थरथरणारे आजोबा. दात साठवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल, असे कोणी सांगितले तर त्या घराने हिशेब करावा. दुधाचे दात साधारण सहाव्या ते बाराव्या वर्षी पडतात आणि पार्किन्सन बहुधा साठीच्या आसपास येतो, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये पन्नास वर्षे. नातवाच्या पेशी आजोबांच्या शरीराला जुळतीलच असेही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेच्या रक्ताखेरीज इतर ऊतींच्या साठवणुकीला परवानगी दिलेली नाही. पार्किन्सनवरचा मूलपेशी उपचारही मान्य चाचणीबाहेर करता येत नाही. चाचणी असेल तर तिची भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद असते आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. भरमसाट रक्कम मागणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारावा.

दातांचे खरे मोल आज संशोधनासाठी आहे. विश्रामबागेहून मिरजेकडे जाताना वानलेसवाडीत दंत महाविद्यालय आहे. दात सरळ करण्याच्या उपचारांत उपदाढा काढल्या जातात, अक्कलदाढाही निघतात, आणि असे दात जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात. त्यांतले निरोगी दात प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायचे तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आणि देणाऱ्याची लेखी संमती लागते. दात लहान मुलाचा असल्यास पालकांची संमती, आणि मूल सात वर्षांपुढचे असेल तर त्याचा स्वतःचा होकारही.