मधला महिना

माणूस जागा असताना त्याच्या वतीने दुसऱ्याने उत्तर द्यावे काय, हा प्रश्न मला आजवर कधी पडला नव्हता. वर्गातल्या भित्र्या मुलाचे उत्तर मी कैकदा स्वतःच देऊन टाकले आहे. आणि कादंबरीकाराला तर दुसऱ्यांच्या वतीने बोलण्यावाचून दुसरा उद्योगच नसतो. पण 2024 च्या श्रावणातल्या एका पहाटेपासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

त्या पहाटे माझ्या थोरल्या बंधूंना हृदयविकाराचा झटका आला. आम्ही त्यांना शहरातल्या एका इस्पितळात नेले. मनगटातून बारीक नळी घालून डॉक्टरांनी बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडली, तीत जाळी बसवली आणि ते बाहेर आले. म्हणाले, "मुख्य काम झालं. पण आणखी एक वाहिनी अरुंद आहे. तिचं आत्ताच उरकायचं, की महिन्याभराने पुन्हा यायचं? दोन्ही चालतं. पाच मिनिटांत सांगा."

वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच सांगा. मला यातलं काय कळतं?"

मला तरी काय कळत होते! मी म्हणालो, "नंतर करू."

पुढे सवड मिळाली तेव्हा मी या विषयावर मिळेल ते वाचले. झटका आलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांच्या एकाहून अधिक वाहिन्या अरुंद असतात. त्याही उघडाव्यात हे 2019 साली चार हजारांवर रोग्यांच्या एका मोठ्या अभ्यासाने बऱ्यापैकी ठरवून टाकले. त्यात दुसरे काम इस्पितळातच किंवा पंचेचाळीस दिवसांच्या आत केलेले होते. वाद उरला तो 'केव्हा' याचा. थांबावे म्हणणाऱ्यांची कारणे खोटी नव्हेत. क्ष-किरणांत वाहिनी दिसावी म्हणून जे औषध टोचतात त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. शिवाय झटक्याच्या धामधुमीत अरुंदपणा आहे त्याहून जास्त भासू शकतो. ज्याचा रक्तदाबच कोसळला आहे त्याच्या बाबतीत तर पहिली वाहिनी उघडून थांबणेच बरे, हे 2017 साली दिसून आले. पण दादांसारख्या स्थिर प्रकृतीच्या माणसांचे काय? ज्या झुरिकमध्ये 1977 साली ग्रुंट्सिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाची वाहिनी प्रथम फुग्याने रुंद केली, त्याच शहरातून चालवलेला एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. युरोपातल्या सदतीस इस्पितळांतले 840 रोगी. काहींचे सगळे एकाच वेळी केले, काहींचे दुसरे काम एकोणीस ते पंचेचाळीस दिवसांनी. वर्षअखेर मृत्यू, नवा झटका, पक्षाघात, अवचित पुन्हा करावे लागलेले काम अशा गोष्टी मिळून पहिल्या गटात शंभरी साडेआठ, दुसऱ्यात सोळाहून थोड्या अधिक. मृत्यू मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच. काही जाणते म्हणतात की या मोजदादीतही एक मेख आहे : दुसऱ्या कामाच्या वेळी हृदयाला झालेली लहानशी इजा वेगळी नोंदली जाते, आणि तीच पहिल्या झटक्याच्या वेळी झाली तर त्यातच झाकून जाते. तरीही एकाच वेळी उरकल्याने बिघडत नाही, एवढे त्यातून नक्की निघते.

मला हेवा वाटला तो त्या अभ्यासातल्या नातेवाइकांचा. तिथे कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले होते. आपल्याला ठाऊक नाही, असे प्रामाणिकपणे मान्य करून टाकलेली चिठ्ठी! मलाही ठाऊक नव्हते. पण मी ठाऊक असल्याचा आव आणून बोललो. आणि त्या 'नंतर'मागे मूत्रपिंडांची काळजी नव्हती. 2017 साली सरकारने जाळ्यांच्या किमतीला मर्यादा घातली, तरी मास्तरच्या डोक्यात दुसऱ्या जाळीचा हिशेब सुरू झालाच होता. शिवाय भीती होती. पुढे ढकलले की निर्णय टळतो, असे भित्र्या माणसाला वाटते. तो टळत नाही. त्याचे ओझे दुसऱ्यावर जाते, इतकेच.

ते दादांवर गेले. तो मधला महिना ते जिना चढताना पायऱ्या मोजीत आणि रात्री खोकलाही जपून काढीत. घरात कोणी मोठ्याने बोलेना. सव्विसाव्या दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारले, "त्या रात्री मी जागा होतो, हे तुला ठाऊक होतं का?"

मी काही बोललो नाही.

"टेबलावर पडून मी छताकडे बघत होतो. बाहेर तुमचं बोलणं चाललं असणार हे कळत होतं. तुम्ही दहा पावलांवर. मला का नाही विचारलंत?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून, दादा."

"तुझं 'नंतर' माझ्यासाठी होतं, की तुझ्यासाठी?"

आता मी स्वतःशी वाद घालतो. झटक्याच्या वेदनेत, औषधाच्या गुंगीत माणसाने दिलेले उत्तर त्याचे खरे उत्तर म्हणावे काय? कदाचित नाही. मग महिनाभर थांबल्यामुळेच दादांना स्वतःचे उत्तर देता आले, असे म्हणून मी सुटतो. पण त्या महिन्यात दुसरा झटका आला असता तर? विचारले जाण्याचा हक्क मोठा खरा. परंतु तो मी त्यांच्या जिवाच्या जोखमीवर, तोही नकळत, त्यांना मिळवून दिला. याचे श्रेय घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

एकतिसाव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. दादांनी चष्मा लावून संमतीपत्राच्या दोन्ही बाजू वाचल्या, सही केली आणि डॉक्टरांना म्हणाले, "आत असताना काही विचारायचं झालं तर मलाच विचारा." मग चष्मा आणि घड्याळ माझ्या हातात दिले.

मी त्याच बाकावर बसलो. दार दोनदा उघडले. दोन्ही वेळा मी उठून उभा राहिलो. मला कोणी काही विचारले नाही.