वाहणाऱ्याची जबाबदारी

माल वाहून नेणारा त्या मालाच्या उपयोगाला कितपत जबाबदार असतो, हा प्रश्न फिकहच्या अभ्यासकांना नवा नाही. मजुरी घेऊन एखाद्या जिम्मीची दारू वाहणाऱ्या हमालाची कमाई जायज की नाही, यावर इमाम अबू हनीफा (रह.) आणि त्यांचे दोन शागीर्द, इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.), यांच्यात मतभेद झाला. वाहणे हे स्वतः पाप नव्हे, पाप पिणाऱ्याच्या स्वेच्छेच्या कृतीत आहे, असे गुरूंचे म्हणणे. शिष्यांनी मात्र या कामाला गुनाहमधील सहाय्य मानले. दारूसंबंधी ज्या दहा जणांवर हदीसमध्ये लानत आली आहे, त्यांत वाहणाराही आहे.

त्या हमालाला निदान डोक्यावर काय आहे हे ठाऊक होते. आजच्या जहाजमालकापाशी सीलबंद कंटेनर येतो आणि त्याच्या कागदावर, आत अमुक माल असल्याचे पाठवणारा सांगतो, एवढीच नोंद असते. या अज्ञानाला कायद्याचे संरक्षण आहे. नैतिक संरक्षणही आहे काय?

ऑक्टोबर २००३ मध्ये जर्मन मालकीचे 'बीबीसी चायना' हे जहाज दुबईहून लिबियाकडे निघाले होते. त्यावरील पाच कंटेनरांत, कागदोपत्री 'वापरलेले यंत्रभाग' म्हणून, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे मलेशियात बनलेले भाग होते. अब्दुल कदीर खान यांच्या जाळ्यातून तो माल चालला होता. सरकारकडून सूचना येताच मालकाने जहाज इटलीतील तारांतो बंदराकडे वळवले. जहाजावर हल्ला करावा लागला नाही, गोळी झाडावी लागली नाही. (लिबियाने १९ डिसेंबरला आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडल्याचे जाहीर केले, ते या जप्तीमुळेच का, यावर अभ्यासकांत वाद आहे.)

मालकाला आधी काही ठाऊक नसेल, तर त्याला दोष देता येणार नाही. पण कळल्यानंतर 'मी केवळ भाडे घेतो' असे म्हणण्याची वाट त्याच्यासाठी बंद झाली होती, आणि त्याने ती धरलीही नाही. खरी अडचण या दोन अवस्थांच्या मधली आहे. पैसे देणारा एक, माल घेणारा दुसराच, पत्ता एखाद्या दलालाचा, मालाचे वर्णन संदिग्ध. आणि हे सारे पाहूनही बुकिंग करणारा कारकून पुढे विचारत नाही, कारण विचारले तर गिऱ्हाईक जाईल. असे अज्ञान निवडलेले असते, म्हणून ते उज्र ठरू नये, असे मला वाटते. एप्रिल २००४ मधील सुरक्षा परिषदेच्या १५४० क्रमांकाच्या ठरावाने राष्ट्रांना बांधले. पण त्या कारकुनापुढच्या कोऱ्या रकान्यापर्यंत ठराव आपोआप पोहोचत नाही.

त्याच जहाजावरचा आणखी एक कंटेनर तारांतोच्या तपासणीत नजरेतून सुटला. तो मार्च २००४ मध्ये लिबियात पोहोचला, आणि त्याची खबर लिबियानेच दिली.