गंजावर रंग
कोंकणच्या खाऱ्या हवेंत मोटारीचा सांगाडा लवकर गंजतो. गंज मूळ लोखंडाच्या २ पटींहून अधिक जागा व्यापितो, म्हणून वरचा रंग फुगतो. कित्येक लोक तेथें लुकण भरून पुन्हा रंग देतात व गाडी विकतात. आपण तोंडानें असत्य बोललों नाहीं, मग दोष कोणता, असें ते विचारितात. आम्ही म्हणतों, घेणारानें निकोप लोखंड समजावें याच हेतूनें जो रंग दिला, तोच असत्य बोलला. उद्यां त्या सांगाड्याच्या भरंवशावर दुसऱ्याचीं मुलेंबाळें बसणार! खरी दुरुस्ती म्हटली म्हणजे निकोप धातु लागेपर्यंत गंजका भाग कापावा, तितक्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगनें जोडावा, मग रंग द्यावा. तें न परवडल्यास, वाचकहो, गंज दाखवून कमी किंमत घ्यावी.